‘आई’ नावाची बाई

लखनौला कानपूर रोडवर, सरोजिनी नगरच्या अलीकडे एक पिवळी कोठी होती आणि त्या कोठीत ‘आई’ हे एका बाईचं नाव होतं. हाक नव्हे, नाव. फाटक उघडता उघडता तिथली स्वयंपाकीण रामकली मला सांगायची, “दीदी, आई अभी नहीं आई.” आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचीच आरोळी यायची, “आई आई!” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईचा हात भाजला.

नावाची गंमत अशी, की माझ्या येण्याच्या बरीच वर्षं आधी, कामाच्या पहिल्या दिवशी आईला तिचा मुलगा स्कूटरवरून सोडायला आला होता. तो टेलिफोन खात्यात होता, मंडळी मूळची वर्ध्याकडची. जाताना तो म्हणाला, “आई, संध्याकाळी न्यायला येतो,” आणि रामकलीनं नाव पाठ करून टाकलं. लखनौच्या रीतीनं पुढं ‘जी’ लागणारच. झाली आईजी. एकदा रामकलीनं रिक्षावाल्याला बजावलं, “आईजी को घर छोड़ना है, संभाल के ले जाना.” तो बिचारा सीट पुसून, शर्टाची बटणं लावून पोलिसांच्या आयजींची वाट बघत उभा राहिला. बाहेर आली ती निळ्या लुगड्यातली, पायात कॅनव्हासचे बूट घातलेली ठेंगणी म्हातारी. “जय भीम,” आई त्याला म्हणाली आणि ऐटीत रिक्षात बसली. ही गोष्ट तिनं मला इतक्यांदा सांगितली, की शेवटी शेवटी मी तिच्या आधीच हसायला लागायची.

मी तिथं पोचले ती संत्र्यांमुळं. आमचे हे हवाई दलात. नव्वदच्या पुढची ती वर्षं. बदली होऊन लखनौला आलो तेव्हा लग्नाला बराच काळ लोटला होता आणि घरात मूलबाळ नव्हतं. सकाळी हे सायकल काढून गेले की क्वार्टरच्या भिंती आणि मी. कॉलनीतल्या बायका दिवाळीआधी कुठल्यातरी संस्थेत फळं वाटायला जायच्या, तशा त्या वर्षी पिवळ्या कोठीत गेल्या. मीही गेले, दुसरं काय काम होतं मला? ज्यांना आपलं आपण उठता-बसता, जेवता, अंघोळ करता येत नाही आणि ज्यांच्या घरचं कुणी फिरकत नाही, अशी मोठी माणसं तिथं राहायची. आम्ही संत्री वाटली, फोटो काढून घेतला. निघताना आतल्या खोलीतून आवाज आला, “काहून बे, संत्र पाहून तोंड काहून वाकडं करून राहिला? गोड हाय, म्या खाऊन पाह्यलं.”

मी साताऱ्याची. मला ते मराठी अर्धं कळलं, अर्धं डोक्यावरून गेलं. पण घराबाहेर कुणाच्या तोंडून मराठी ऐकून किती महिने झाले होते, ते मला त्या क्षणी कळलं. बायका बसमध्ये जाऊन बसल्या आणि मी खोलीच्या दारात उभी. आईनं मान वर करून माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या बघितल्या आणि म्हणाली, “आपल्याकडची दिसून राहिली. ये, बस. हात रिकामे हायेत तं याची मान धर.”

मी मान धरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. मग मॅनेजरसाहेबांनीच विचारलं, रोज येताच आहात तर कामावर लागा ना.

ज्याची मान धरली होती तो नन्हे. नाव नन्हे आणि माणूस चांगला ताडमाड, तिशीचा, दाढीवाला. लहानपणी कुणीतरी फाटकाशी आणून सोडला तेव्हा पडलेलं नाव. जन्मापासून हातपाय आखडलेले, मान ठरायची नाही, बोलता यायचं नाही. पण काही नको असलं की डोळे गच्च मिटून घ्यायचा, आणि दुसऱ्या कुणाला बोलणी बसली की असा खिदळायचा की ठसका लागायचा. माझ्या मते कोठीतला सगळ्यात आगाऊ माणूस तोच. मॅनेजरसाहेब सज्जन होते, पण म्हणायचे, “समझता तो कुछ नहीं बेचारा, पर खुश रहता है.” आईला हे पटत नसे. पण हिंदीत भांडायची तिची तयारी नव्हती. ती मला म्हणायची, “त्याले बोलता येत नाई, मले हिंदी येत नाई. जमलं आमचं.”

आईचा कामाचा नियम एकच. आधी सांगायचं, मग हात लावायचा. “आता पाय उचलतो बरं का.” “तोंड पुसून राहिलो, थंड लागन.” “कुशीवर करतो, भिऊ नको.” वर्ध्याकडच्या बाया स्वतःबद्दल बोलताना ‘करते’, ‘उचलते’ म्हणत नाहीत, ‘करतो’, ‘उचलतो’ म्हणतात. मला आधी वाटलं, खोलीत कुणी बाप्या आहे. मी पहिल्यापासून कामाला चटपटीत, फटाफट उरकायची. एकदा न सांगताच नन्हेला वळवायला गेले तर तो दचकून असा ताठ झाला की गुडघे दुमडेनात. आईनं मला बाजूला केलं. “तुले कोणी मांगून येऊन असं उचललं तं कसं वाटन? सांगून तं पाह्य. सांगाले काय जाते?” उत्तर न देणाऱ्या माणसाशी बोलताना सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढं सवय इतकी लागली, की घरी ह्यांना म्हणायची, “दिवा बंद करते हं.” हे म्हणायचे, “कर की. परवानगी काय मागतेस?”

नन्हेचं जेवण तासभर चालायचं. मऊ खिचडी, चमचा खालून आणायचा, हनुवटीला बोट टेकवायचं, आणि घास उतरलेला गळ्याशी दिसल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. “आ कर रे पोट्ट्या,” म्हणत आई भरवायची आणि मधल्या वेळात अख्ख्या घरादाराच्या कागाळ्या त्याला सांगायची. सुनेनं डाळ कशी करपवली, नातू गणितात कसा आपटला, माहेरच्या विहिरीत कोण पडलं होतं नि कुणी काढलं. नातू आपटला की नन्हे खिदळायचा. “पाह्य, याले समजते,” आई म्हणायची. मी म्हणायची, “तुझ्या हातवाऱ्यांना हसतोय गं तो.” मी तिला ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी आले ते आठवत नाही. आई म्हटल्यावर ‘अहो’ किती दिवस टिकणार?

तिच्या घरी मी एकदा गेले होते. टेलिफोन कॉलनीतलं नीटनेटकं क्वार्टर, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्यांना ताजा हार. सून चांगली, चहाबरोबर गरम भजी केली. पण सून वाढली कानपूरला, आणि नातू टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, “दादी, आप क्या बोल रही हो, समझ में नहीं आता.” “आजी म्हन रे,” आई म्हणाली. “अच्छा दादी,” तो म्हणाला. मुलगा दमून यायचा आणि तिच्या प्रत्येक वाक्याला “हाँ आई, ठीक है आई” करायचा. आई कोठीत कामाला जाते ह्याची त्याला लाज वाटत होती. लोक म्हणतील, पोरगा सांभाळत नाही. तिनं माझ्यासमोर त्याला उत्तर दिलं, “तू सांभाळतं रे बाप्पा. पण बोलत नाईस.” “हाँ आई,” तो म्हणाला. भांडण नव्हतं त्या घरात. तिच्याशी बोलायलाच कुणी नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती मला सोडायला बाजारापर्यंत आली आणि भाजीवाल्याला म्हणाली, “भैया, जरासा सांबार दे.” त्यानं डोसेवाल्याच्या गाडीकडं बोट दाखवलं. आई माझ्याकडं वळली. “तू सांग याले.” मीही बघतच राहिले. मग तिनं स्वतःच जुडी उचलून दाखवली. “अगं, कोथिंबीर होय,” मी म्हटलं. आईनं जुडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “मंग तू बी हिंदीच,” म्हणाली आणि रस्ताभर रुसून चालली.

त्यावरूनच मी तिची नक्कल करायला लागले. मागं नव्हे, तोंडावर. कंबरेवर हात ठेवून, मान तिरकी करून, “काहून बे, सांबार काहून नाई आणला?” नन्हे हसून हसून लाल व्हायचा. आईला राग यायचा नाहीच, उलट ती खुर्ची ओढून समोर बसायची. “बोल, बोल. कानाले बरं वाटते.” आणि चुका काढायची. मी म्हटलं, “मी भाजी करून राहिले,” तर म्हणायची, “राहिले नाई व माय. राहिलो.” “मी बाई आहे ना?” “मंग मी कोन हाय? राहिलो म्हन.” हळूहळू ते माझ्या तोंडात इतकं बसलं, की ती डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, आमची बहीण बोलून राहिली असं वाटते.

मी एकदा तिला विचारलं, आई, या वयात घरी पाय पसरून बसायचं सोडून तुला हे काय मिळतं? ती नन्हेच्या तळपायाला मोहरीचं तेल चोळत होती. “सकायी उठाले काई तं कारन लागते,” म्हणाली. मोठं काही बोलायची तिला सवय नव्हती. मला मात्र त्या वाक्यानं धरून ठेवलं, कारण तोवर मीही सकाळी उठून वेणीफणी करून तयार असायची. आपण नाही गेलो तर कुणाचं तरी अडेल, असं मला आयुष्यात त्या कोठीत पहिल्यांदा वाटलं. घरात माझ्यावाचून काही अडत नव्हतं. ह्यांचं मेसमध्येही भागलं असतं.

मग ती थंडी आली. लखनौचं धुकं असं, की कोठीचं फाटक हाताला लागेपर्यंत दिसायचं नाही. रामकली शाल लपेटून फाटकाशी उभी होती. म्हणाली, “दीदी, आई गईं.”

मी म्हटलं, “इतनी जल्दी? अभी तो सुबह है.”

“घर नहीं गईं, दीदी,” ती म्हणाली आणि तिनं तोंडात पदर कोंबला.

पहाटे चहा मागितला आणि चहा येईपर्यंत संपलं होतं, असं मुलानं सांगितलं. त्याच्या घरी गेले तर मेणबत्त्या लावल्या होत्या, त्यांची माणसं वंदना म्हणत होती. कुणीतरी म्हणालं, अनुसयाबाईंना पुष्प वाहा. मी इकडंतिकडं बघितलं, या कोण अनुसयाबाई. मग लक्षात आलं आणि तिथंच मला रडू फुटलं.

कोठीत नन्हेला सांगायला हवं होतं. आधी सांगायचं, तिचाच नियम. मी जवळ बसून म्हटलं, “नन्हे, आई आता येणार नाही.” रामकलीनंही सांगितलं, “आई अब नहीं आएँगी, बेटा.” तो दाराकडं बघत होता. त्या दुपारी त्यानं तोंड उघडलं नाही. रात्री नाही. दुसऱ्या दिवशी नाही. रामकलीनं खीर केली, मॅनेजरसाहेबांनी स्वतः चमचा धरून बघितला. चमचा दिसला की डोळे गच्च मिटायचा आणि दात आवळायचा. कापसानं ओठ ओले करायचो तेवढंच पाणी. डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले, असंच राहिलं तर मोठ्या इस्पितळात न्या, नाकातून नळी घालावी लागेल. उद्याची गाडी सांगून ठेवली. मॅनेजरसाहेब व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. कोठीतली अशी दोन माणसं पूर्वी तिकडं गेली होती आणि परत आली नव्हती. मला नळीचं तेवढं भय नव्हतं. नळी घालताना त्याला सांगणार कोण, याचं होतं. न सांगता चार हात त्याला धरतील आणि तो ताठ होईल, हे मला डोळ्यांपुढं दिसत होतं.

डॉक्टर येऊन गेले त्या दुपारी मी शेवटची वाटी घेऊन बसले. “नन्हे, घास घे बाळा. थोडासाच. माझं ऐक.” काही नाही. आईची नक्कल मी ती गेल्यापासून एकदाही केली नव्हती. गेलेल्या माणसाची नक्कल करू नये, असं आमच्याकडं म्हणतात, आणि माझ्याच्यानं झालीही नसती. मी आपली माझ्या साताऱ्याच्या मराठीत विनवत होते. एवढ्यात त्यानं मान झटकली आणि वाटीतली खिचडी माझ्या अंगावर सांडली. माझं टाळकं सटकलं. इतक्या दिवसांचं सगळंच वर आलं आणि मी ओरडले, “काहून बे पोट्ट्या, जीव घेतं काय माहा? मी का इथं तमाशा कराले बसलो?”

नन्हेनं डोळे उघडले. त्यानं आधी दाराकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. दारात कुणी नव्हतं. मग त्यानं हळूहळू मान वळवून माझ्याकडं बघितलं.

माझ्या डोळ्यांना धार लागली होती, पण आता थांबायची सोय नव्हती. “चमचा आणून राहिलो बरं का,” मी म्हटलं. “खिचडी हाय. गरम नाई. आ कर रे.” आणि त्यानं आ केला. घास उतरलेला गळ्याशी दिसला. “अजून एक देतो,” म्हटलं. त्यानं पुन्हा आ केला. कणकेचे हात घेऊन रामकली दारात येऊन उभी राहिली आणि तिनं मॅनेजरसाहेबांना हाक मारली. अर्धी वाटी संपली तेव्हा त्यांनी गाडी नको म्हणून फोन केला.

मला तेव्हा कळलं, तो आईच्या हातवाऱ्यांना हसत नव्हता. बाकीच्यांनी त्याला काही समजत नाही असंच धरलं होतं. इतकी वर्षं रोज तिनं आधी सांगून हात लावला होता, आणि त्या सांगण्यातून तो शब्द न् शब्द शिकला होता. लखनौच्या त्या माणसाची मातृभाषा वऱ्हाडी होती. आईला घरात न मिळालेला मराठी बोलणं समजणारा माणूस तिनं कोठीत घडवून ठेवला होता, आणि आता त्या शहरात त्याच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. माझी उसनी नक्कल सोडली तर.

मग मी ती नक्कल सोडली नाही. रोज कोठीच्या फाटकातून आत गेले की मी वर्ध्याची व्हायची. कागाळ्या मात्र माझ्या सांगायची. ह्यांनी कशी छत्री हरवली, शेजारणीनं कशी विचारणा केली अजून गोड बातमी नाही का म्हणून. ही दुसरी गोष्ट मी दुसऱ्या कुणालाच सांगत नसे. शेजारणीला मी काय सुनावलं ते सांगितलं की नन्हे खिदळायचा.

आणि मग व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी हे घरी येऊन बूट काढता काढता म्हणाले, “जोधपूर.” हवाई दलातल्या माणसाच्या बायकोला एवढं पुरतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो सामानाचा नव्हता.

रामकलीला मी दुसऱ्याच दिवसापासून शिकवायला घेतलं. बाई हुशार, पण लखनौची. तिथं रागावतानाही ‘आप’ सुटत नाही. ती म्हणायची, “काहून जी, नाराज हो गए?” आणि “आ करो पोट्टेजी.” नन्हेला ठसका लागेपर्यंत हसू. मी तिला म्हटलं, ‘पाय उचलती’ नाही, ‘उचलतो’ म्हण. ती लाजून लाल. “हाय दीदी, हम औरत होके ‘उचलतो’ कहें?” “कहो. आई कहती थीं.” तेव्हा तिनं पदर खोचला आणि खणखणीत म्हणाली, “पाय उचलतो बरं का, पोट्टेजी.” नन्हेचे पाय ताठ झाले नाहीत. ते ‘जी’ मी तसंच राहू दिलं.

निघायच्या दिवशी मी त्यालाही आधी सांगितलं. “मी जाऊन राहिलो बरं का, नन्हे. मले जा लागते.” त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. त्याचा अर्थ मला ठाऊक होता. मी उठले तरी त्यानं उघडले नाहीत. गाडीत हे समजूत घालत म्हणाले, “नवीन ठिकाणी गेलं की सगळं आई-गई होऊन जाईल बघ, विसरशील.” चारबाग स्टेशन मागं गेलं तरी मी खिडकीतून तोंड आत घेतलं नाही.

जोधपूरहून मी अधूनमधून एसटीडी बूथवरून कोठीत फोन लावायची. रामकली रिसीव्हर नन्हेच्या कानाला धरायची. मी इकडून बोलायची, “काहून बे, जेवला का? रामकलीले तरास नको देऊ.” पलीकडून फक्त श्वास यायचा आणि कधी कधी खिदळणं. बूथवाला मारवाडी माझ्याकडं टकामका बघायचा. पुढं आमच्या आणखी बदल्या झाल्या, कोठीचा नंबर बदलला, फोन लागेनासा झाला. नन्हे आहे की नाही, मला माहीत नाही. रामकली ‘जी’ लावून वऱ्हाडी बोलत असेल एवढं मी धरून चालते.

आता मी साताऱ्याला असते. हे गेले, त्यालाही काळ लोटला. आजूबाजूला सगळी मराठीच, पण संध्याकाळी ताट वाढून घेतलं की घशाखाली घास उतरत नाही. कुणासाठी जेवायचं, असं होतं. अशा वेळी मी खुर्चीत सरळ बसते, मान तिरकी करते आणि मोठ्यानं म्हणते, “काहून व माय, जेवत काहून नाईस? आ कर.” खिडकीखालून जाणारी शेजारची सून एकदा विचारत होती, काकू, घरी कोण आलंय? मी म्हटलं, आई आलीय.

आधी सांगायचं, मग हात लावायचा. “आता घास घेतो बरं का,” मी म्हणते. घेते नाही. घेतो.